मॉडेल रेल्वेचा पहिला लेआउट: मुंगीच्या पावलानं चालणारं इंजिन

घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट बांधायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी डोंगर येतो, मग बोगदा, मग पूल आणि त्यावरून एकाच वेळी धावणाऱ्या तीन-चार गाड्या. हॅम्बर्गच्या मिनिआटूर वुंडरलँड या प्रचंड मोठ्या मॉडेल रेल्वे प्रदर्शनाचे व्हिडिओ बघितले की तर हात शिवशिवायलाच लागतात, ते २००१ साली सुरू झालं आणि तिथे माणसांची आख्खी फौज कामाला आहे. आपण एकटे, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास मिळणारे. त्यामुळे डोंगरापासून सुरुवात करू नका, इंजिनापासून करा.

नव्या माणसाला मी एकच कसोटी सांगतो. खऱ्या यार्डात शंटिंग करणारं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवून लावणारं इंजिन ताशी १० किलोमीटरच्या आसपास चालतं असं धरू. १:८७ च्या मापात हा वेग होतो सेकंदाला जेमतेम ३.२ सेंटीमीटर, म्हणजे एक मीटर रूळ पार करायला साधारण अर्धा मिनिट. तुमचं इंजिन एवढ्या मुंगीच्या पावलानं, मध्ये एकदाही न थांबता, न अडखळता, बोटानं न ढकलता तो मीटर पार करतं का? जोरात तर कुठलंही इंजिन धावतं, कारण मध्ये वीज तुटली तरी ते वेगाच्या भरात पुढे निघून जातं. हळू चालवलं की मात्र रुळाचा वाकडेपणा, वायरिंगमधला ढिला सांधा, चाकावरची घाण सगळं बाहेर येतं. पुढे जे काही सांगतोय ते या अर्ध्या मिनिटासाठीच आहे.

आधी स्केल ठरवा

स्केल म्हणजे मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान आहे ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. लोक हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एचओ म्हणजे १:८७, गेज १६.५ मिमी, जगात सगळ्यात जास्त चालणारं स्केल, नावाचा अर्थच 'हाफ ओ' म्हणजे जुन्या ओ स्केलच्या निम्मं. एन म्हणजे १:१६०, गेज ९ मिमी. त्याहून लहान झेड, १:२२० आणि गेज ६.५ मिमी, हे मेर्कलिन या जर्मन कंपनीनं १९७२ साली आणलं. आता गंमत बघा, ब्रिटनमध्ये ओओ नावाचं स्केल चालतं ते १:७६ चं आहे पण धावतं एचओच्याच १६.५ मिमी रुळांवर, त्यामुळे गाडी चालते पण एचओची घरं आणि माणसं शेजारी ठेवली की ती खुजी दिसतात. एनमध्येही तसंच, जपानी मॉडेल्स बरीचशी १:१५० ची आणि ब्रिटिश १:१४८ ची, रूळ मात्र सगळ्यांचे ९ मिमीच. विकत घेताना डब्यावरचा आकडा वाचायची सवय लावून घ्या.

मापाचा अंदाज यावा म्हणून, १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस एचओमध्ये जेमतेम २ सेंटीमीटरचा होतो आणि एनमध्ये १ सेंटीमीटरचा. २३ मीटरचा पॅसेंजर डबा एचओमध्ये सव्वीस-साडेसव्वीस सेंटीमीटर, एनमध्ये साडेचौदाच्या आत. म्हणजे दहा डब्यांची गाडी एचओमध्ये अडीच मीटरच्या वर जाते, इंजिन वेगळंच. ती उभी राहील एवढा फलाट करायचा तर खोलीची एक भिंत गेली.

जागा कमी म्हणून लगेच एनकडे वळावंसं वाटतं आणि लांब गाड्या, मोठा निसर्ग दाखवायचा असेल तर एन खरंच उत्तम आहे. पण पहिल्या लेआउटसाठी माझं मत एचओच. इंजिन वजनदार असतं, चाकं रुळांना घट्ट टेकतात, वीज नीट घेतात, आणि डबा रुळावर बसवताना डोळे फोडून घ्यावे लागत नाहीत. जागेची अडचण स्केल लहान करून नाही, प्लॅन लहान करून सोडवा.

गोल की सरळ?

बहुतेक स्टार्टर सेटमध्ये रुळांचा गोल येतो. तो पहिल्या दिवशी जमिनीवर मांडून जरूर खेळा, पण लेआउट म्हणून तसाच फळीवर ठोकू नका. एचओच्या सेटमधल्या वळणांची त्रिज्या बहुतेक वेळा ३६ किंवा ४४ सेंटीमीटरच्या आसपास असते. जाणकार लोक एक ठोकताळा वापरतात की वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या किमान तिप्पट तरी असावी, म्हणजे सव्वीस सेंटीमीटरच्या डब्याला जवळपास ७८ सेंटीमीटर त्रिज्या आली आणि नुसतं अर्ध वळण घ्यायलाच दीड मीटरपेक्षा रुंद फळी लागली. कंपन्या लांब डबेही लहान वळणावर चालतील असे बनवतात हे खरं, पण दिसायला ते बरं दिसत नाही आणि डबे मागे ढकलताना घसरण्याची शक्यता वाढते. लहान वळणं घ्यावीच लागणार असतील तर चार चाकांच्या छोट्या वॅगन आणि छोटं इंजिन घ्या, ते तिथे शोभतात.

मी नव्या माणसाला सांगतो तो प्लॅन वेगळाच आहे. त्याचं नाव इंगलनुक सायडिंग्ज, ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलरनं तो लोकप्रिय केला. त्यात फक्त दोन पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे, लागतात आणि तीन सायडिंग, म्हणजे वॅगन उभ्या करायचे बाजूचे रूळ. एका सायडिंगमध्ये पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोघींमध्ये तीन-तीन, आणि दुसऱ्या टोकाला इंजिन अधिक तीन वॅगन मावतील एवढा सरळ रूळ. बस. एचओमध्ये छोट्या वॅगन घेतल्या तर साधारण दीड मीटर बाय तीस सेंटीमीटरच्या फळीवर आरामात बसतो, एनमध्ये त्याच्या जवळपास निम्म्यात. पुस्तकांच्या कपाटावर राहील एवढं. आणि एवढ्याशा रुळांवर खेळायला काय मिळतं ते शेवटी सांगतो.

मोठा लेआउट करायची इच्छा असली तरी हा आधी करा. पॉइंट बसवणं, सोल्डरिंग, वायरिंग, खडी, गवत, सगळं एकदा हातून जातं आणि चूक झाली तर दीड मीटरची होते, खोलीभर नाही. नंतर हीच फळी मोठ्या लेआउटचं यार्ड म्हणून जोडता येते.

प्लॅन कागदावर काढता येतो, कॉम्प्युटरवर काढायचा असेल तर एक्सट्रॅककॅड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. पण माझा अनुभव असा की पॉइंटच्या खऱ्या आकाराचे कागद कापून फळीवर मांडून बघितल्याशिवाय खात्री होत नाही. खऱ्या वॅगन त्यावर उभ्या करून बघा. पाच मावतात असं स्क्रीनवर दिसतं आणि प्रत्यक्षात पाचवी वॅगन पॉइंटवर लोंबकळते. कपलिंगची, म्हणजे वॅगन जोडणाऱ्या आकड्याची लांबीही मोजायची असते ना, ती हमखास राहून जाते.

फळी

९ किंवा १२ मिमीचं चांगलं प्लायवूड घ्या आणि खाली चौकट ठोका, चौकटीच्या पट्ट्या ५-७ सेंटीमीटर उंच असल्या की वायरिंग आत लपतं आणि फळी वाकत नाही. नुसतं पातळ प्लाय दोन स्टुलांवर टेकवून ठेवलं तर काही महिन्यांत मध्ये झोळ पडतो. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, म्हणून खालून-वरून दोन्ही बाजूंनी रंगाचा हात द्या.

दुसरा पर्याय म्हणजे एक्सपीएस फोम, तो घट्ट निळा-गुलाबी थर्माकोलसारखा असतो तो, लाकडी चौकटीत बसवायचा. हलका, आवाज कमी, आणि खाली उतरणारा ओढा-नाला कोरायला सोपा. फक्त त्याला स्प्रे पेंट किंवा सॉल्व्हंटवाला गम लावू नका, फोम विरघळून खड्डे पडतात. आधी तुकड्यावर ट्राय करा.

मोठा लेआउट असेल तर रुंदी ठरवताना हात किती पोचतो ते बघा. साठ-सत्तर सेंटीमीटरच्या पलीकडे घसरलेला डबा उचलायला गेलात की शर्टाची बाही पुढच्या सिग्नलला अडकते आणि सिग्नल तुटतो. भिंतीला चिकटवून ठेवणार असाल तर हे फारच महत्त्वाचं.

चढाच्या बाबतीत एकच हिशोब सांगतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर एचओमध्ये साडेसात सेंटीमीटर तरी उंची मोकळी लागते. दोन टक्क्यांच्या चढाने, म्हणजे मीटरला २ सेंटीमीटर, तेवढं चढायला पावणेचार मीटर रूळ लागतो आणि उतरायला पुन्हा पावणेचार, वर पुलाची जाडी वेगळी. पहिल्या लेआउटला चढ नकोच.

रूळ टाकणे, इथे घाई नको

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. जुने पितळी रूळ स्वस्तात मिळाले तरी त्यांच्यावर काळपट थर लवकर चढतो आणि वीज जाईनाशी होते, हळू चालण्याचं स्वप्न तिथेच संपतं.

आधी फळीवर रुळाची मध्यरेषा पेन्सिलनं आखा. त्यावर कॉर्कची पट्टी चिकटवा, एचओला ३ ते ५ मिमी जाडीची. कॉर्कमुळे आवाज दबतो आणि खडी टाकल्यावर रूळ खऱ्यासारखा थोडा उंचावर दिसतो. पट्टी वाळली की सँडपेपरचा ठोकळा तिच्यावरून एकदा फिरवा म्हणजे उंचवटे जातात. मग रूळ. मी पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटचा अगदी पातळ थर पसरून त्यावर रूळ बसवतो, इतका पातळ की खालचा कॉर्क दिसला पाहिजे, आणि वाळेपर्यंत पिनांनी धरून ठेवतो. पुढेमागे उचलायचा झाला तर पातळ पात्याचा चाकू खालून सरकवला की निघतो. खिळे मारायचेच असतील तर डोकं स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीला टेकायच्या आत थांबा, स्लीपर दाबला गेला की दोन्ही रूळ आत झुकतात आणि गेज कमी होतो, दिसत नाही पण डबा तिथे उडतो. पॉइंटच्या खाली मात्र सीलंट लावायचं नाही, आजूबाजूचे रूळ त्याला धरून ठेवतात तेवढं पुरतं.

फ्लेक्सी ट्रॅक, म्हणजे हवा तसा वळणारा लांब रूळ, वाकवताना जोड वळणात येत असेल तर दोन तुकडे आधी सरळ असताना जोडून सोल्डर करा आणि मग वाकवा. उलट केलं तर जोडावर कोपरा पडतो आणि तो कोपरा पुढे कायम त्रास देतो. सरळ भागातले काही जोड मात्र बिनसोल्डरचे, नखाएवढी फट ठेवून सोडा, फळी आक्रसली तर रूळ फुगून वर येत नाहीत.

एक वळण डावीकडे आणि लगेच एक उजवीकडे असं इंग्रजी एस सारखं आलं तर मध्ये सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ तुकडा टाका. नाहीतर एकाच वेळी पुढचा डबा एकीकडे ओढतो, मागचा दुसरीकडे, आणि मधला घसरतो. दोन पॉइंट पाठोपाठ लावताना हे नकळत होऊन जातं.

प्रत्येक जोड झाला की तीन गोष्टी करा. डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबवर बघा, वाकडेपणा वरून दिसत नाही पण असा लगेच दिसतो. मग बोटाचं टोक जोडावरून दोन्ही दिशांनी हळूच फिरवा, नखाला अडकलं तर चाकालाही अडकणार, बारीक कानशीनं ती कड मोडा. आणि शेवटी जॉइनर म्हणजे जोडाची पत्र्याची पट्टी दोन्ही रुळांच्या खाली गेलीय ना ते बघा, बऱ्याचदा एक रूळ पट्टीच्या वर चढून बसलेला असतो.

वीज

रुळांच्या जॉइनरवर वीज पुढे जाईल म्हणून विसंबू नका. आज जाते, सहा महिन्यांनी जात नाही. फळीखालून दोन जाड वायरी टाका, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरच्या, दोन वेगळ्या रंगांच्या, याला बस वायर म्हणतात. तिच्यापासून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, निदान दर मीटरला, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरी वर आणून रुळाच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर करायच्या. लाल वायर कायम मागच्या रुळाला, काळी पुढच्या रुळाला, असं काहीतरी ठरवा आणि फळीवरच लिहून ठेवा.

सोल्डर करताना प्लास्टिकचे स्लीपर वितळतील अशी भीती वाटते. जागा आधी घासून चकचकीत करा, थोडं फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणूनची पेस्ट, लावा, वायरीवर आधीच सोल्डर चढवून घ्या, दोन्ही बाजूला ओल्या टिश्यूचे बोळे ठेवा आणि सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं असू द्या. हे ऐकायला उलटं वाटेल, पण गरम आयर्ननं दोन सेकंदात काम होतं, कोमट आयर्न दहा सेकंद टेकवून ठेवलं की स्लीपर वितळतो. सुरुवातीला चार-पाच फालतू तुकड्यांवर हात बसवून घ्या.

पॉइंटमध्ये जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाला फ्रॉग म्हणतात. काही पॉइंटमध्ये ते प्लास्टिकचं असतं, वायरिंग सोपं, पण छोटं इंजिन हळू जाताना नेमकं तिथे मेलं म्हणून समजा. धातूच्या फ्रॉगमध्ये वीज असते, मात्र पॉइंट बदलला की तिची बाजूही बदलावी लागते, त्यासाठी एक स्विच लागतो आणि फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर. थोडी कटकट आहे. पण मुंगीचं पाऊल हवं असेल तर धातूचाच घ्या, दोनच तर पॉइंट आहेत.

आणखी एक, रूळ फिरून स्वतःलाच उलट्या दिशेनं येऊन मिळाला, म्हणजे गाडीचं तोंड फिरवणारा लूप किंवा त्रिकोण केला, की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतं. त्याला वेगळं सेक्शन आणि ऑटो रिव्हर्सर, म्हणजे विजेची बाजू आपोआप उलटवणारं उपकरण लागतं. इंगलनुकमध्ये हा प्रश्न येतच नाही.

कंट्रोलर साधा डीसी घ्यावा की डीसीसी? डीसीमध्ये रुळाला ० ते १२ व्होल्ट देऊन वेग ठरवतात, त्यामुळे त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच हलतात. डीसीसीमध्ये रुळाला वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर फक्त आपल्या पत्त्यावर आलेला हुकूम ऐकतो. जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेनं त्याचं स्टँडर्ड केलं, म्हणून एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालतो. नव्या डीकोडरचा पत्ता सहसा ३ असतो, तेव्हा इंजिन हलत नसेल तर आधी ३ लावून बघा. एकाच इंजिनाला चांगला डीसी कंट्रोलर पुरेसा आहे, पैसे असतील तर डीसीसीवर हळू चालणं आणखी सफाईचं होतं कारण डीकोडर मोटरला सांभाळून घेतो. फक्त बिनडीकोडरचं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं करून ठेवू नका, ते गुणगुणायला लागतं आणि मोटर तापते.

वायरिंग पूर्ण झालं की रुळांच्या प्रत्येक टोकाला एक नाणं आडवं टाका. कंट्रोलरनं लगेच वीज तोडली पाहिजे. कुठे तोडली नाही तर तिथे वायर कमी पडतेय, अजून एक जोड द्या. आणि भिंतीच्या प्लगची बाजू स्वतः कधी उघडायची नाही, तयार, चांगल्या प्रतीचाच ॲडॉप्टर वापरा.

आता नुसतं चालवा

इथे सगळ्यांचा धीर सुटतो. रूळ झाले, वीज आली, आता गवत लावायचा मोह होतो. किमान दोन आठवडे काहीही लावू नका. आधी एक वॅगन हातानं सगळीकडे ढकला. मग इंजिनानं ओढा. मग एका वेळी तीन वॅगन इंजिनानं मागे ढकला, पॉइंटवरून, ही सगळ्यात कडक परीक्षा. जिथे काही झालं तिथे रंगीत टेपचा तुकडा चिकटवा आणि कुठल्या वॅगनला झालं ते लिहा. आठवड्यानं यादी बघितली की कळतं, एकच वॅगन सगळीकडे घसरत असेल तर दोष वॅगनचा, सगळ्या वॅगन एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा. हे लिहून ठेवलं नाही की माणूस चांगला रूळ उखडत बसतो.

वॅगनचा दोष बहुतेक दोनच ठिकाणी असतो. एक तर दोन चाकांमधलं अंतर चुकलेलं, ते चाकं दांड्यावर हलकेच फिरवून दुरुस्त होतं, मापायला गेज नावाचंच तयार साधन मिळतं. किंवा वॅगन फार हलकी. एनएमआरएचा एचओसाठी ठोकताळा आहे, २८ ग्रॅम अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम, म्हणजे पाच इंची वॅगनला शंभर ग्रॅमच्या आसपास. रिकाम्या वॅगनच्या पोटात शिसं नको, लोखंडी नट किंवा वॉशर चिकटवा.

इंजिन अडखळत असेल तर रूळ स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. चाकं साफ करायला रुळावर त्याच अल्कोहोलनं ओला केलेला कागदी टॉवेल आडवा धरा, इंजिनाची अर्धी चाकं कागदावर आणि अर्धी रुळावर ठेवून चालवा, कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून उरलेली चाकं. सँडपेपरनं रूळ घासू नका, ओरखड्यांमध्ये घाण अजून लवकर बसते.

खडी

दोन आठवडे टेप चिकटवावी लागली नाही की मग सजावट. आधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगानं रंगवा आणि ओला असतानाच वरचा माथा पुसून घ्या. नुसत्या एवढ्यानं रूळ निम्मा बारीक दिसायला लागतो, माझ्या मते सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हेच.

खडीचं माप चुकवू नका. खरा ५० मिमीचा दगड एचओमध्ये ०.६ मिमीचा होतो, एनमध्ये ०.३. म्हणजे खडी नाही, जाडसर रवाच. वाळू चाळून वापरणार असाल तर आधी ती कागदावर पसरून त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला काळे कण चिकटले तर ती वाळू नको, ते कण उडून मोटरमध्ये जाऊन बसतात.

चमच्यानं थोडी खडी रुळांच्या मध्ये टाका आणि मऊ ब्रशनं सारखी करा, स्लीपरच्या माथ्यावर एकही दाणा राहता कामा नये. हे वेळखाऊ आहे, एका बैठकीत तीस-चाळीस सेंटीमीटरच करा. मग पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून त्याचा अगदी बारीक फवारा वरून द्या, खडी गडद होऊन ओली दिसली पाहिजे. आता लाकडाला लावतात तो पांढरा गम आणि पाणी निम्मं-निम्मं करून ड्रॉपरनं एकेक थेंब सोडा. खडी नीट भिजलेली असेल तर थेंब टेकताक्षणी आत शोषला जातो आणि दुधासारखा पांढरेपणा दाण्यांमधून पसरत जातो. वर गोळा होऊन मोत्यासारखा बसला तर फवारा कमी पडलाय, थांबा, अजून भिजवा. रात्रभर वाळू द्या, गम पारदर्शक होतो आणि खडी दगडासारखी घट्ट.

पॉइंटच्या सरकणाऱ्या पट्ट्यांच्या आसपास मात्र गम जवळजवळ नकोच. मी एकदा भरभरून थेंब सोडले, सकाळी पॉइंट जागचा हलेना, आणि शेवटी चांगला पॉइंट कापून काढावा लागला. तिथे खडी अगदी पातळ, स्लीपरच्या बरीच खाली, आणि वाळेपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी पॉइंट इकडून तिकडे हलवत राहा.

बाकी निसर्गाचं मी थोडक्यात सांगतो कारण तिथे चूक झाली तरी गाडी थांबत नाही. जमीन मातकट रंगवा, त्यावर गम, त्यावर चाळलेली कोरडी माती आणि मग दोन-तीन रंगांचं गवत, एकच हिरवा रंग सगळीकडे लावला तर गालिचा वाटतो. झाडं तांब्याच्या वायरी पिळून छान होतात, फक्त मापात ठेवा, १० मीटरचं झाड एचओमध्ये साडेअकरा सेंटीमीटरचं असतं, बहुतेकांची झाडं घाबरल्यासारखी लहान असतात. मागच्या बाजूला फिकट निळ्या रंगाचा साधा पुठ्ठा लावा. घरं, दिवे, माणसं हळूहळू येतील.

आणि आता खेळ

आठ वॅगन, आठ कार्डं, प्रत्येक कार्डावर एका वॅगनचा नंबर. कार्डं पिसा आणि वरची पाच काढा. त्या पाच वॅगन त्याच क्रमानं लांब सायडिंगमध्ये लावायच्या, एकही हातानं न उचलता. आठातून पाच वॅगनचे क्रमवार ६७२० वेगवेगळे प्रकार होतात, त्यामुळे तोच डाव परत यायची काळजी नाही. इंजिनाच्या मागे एका वेळी तीनच वॅगन मावतात, म्हणून कुठली कुठे तात्पुरती ठेवायची याचा दोन-तीन चाली पुढचा विचार करावा लागतो. पहिल्या वेळी अर्धा तास सहज जातो.

वॅगनला भिडायच्या आधी एक इंजिन-लांबी थांबा, खरा शंटर खाली उतरून बघतो तेवढा वेळ द्या, आणि मग कपलिंग टेकेपर्यंत मुंगीच्या पावलानं पुढे न्या. उभी वॅगन धक्का खाऊन पुढे पळाली नाही आणि कपलिंगचा बारीक टक् असा आवाज आला, की समजा तुमचे रूळ आणि वायरिंग बरोबर झालंय. पळाली तर कंट्रोलर अजून थोडा खाली.